बाजू बदलणारी गाठ

टेलरबाईंचं अंग सुटायला लागलं तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळलं, की आपल्या ओळखीत केवढे डॉक्टर आहेत. पँटची उंची कमी करायला आलेला पोस्टमन डॉक्टर निघाला. समोरचा चपलांचा दुकानदार डॉक्टर निघाला. नणंद तर जन्मजातच होती. या सगळ्यांचं निदान एकच होतं आणि त्यासाठी कुणाला नाडीसुद्धा बघावी लागली नव्हती. बाई खातात. कमी खा, भरभर चाला, गोड बंद करा आणि मुख्य म्हणजे मनावर ताबा ठेवा. खऱ्या डॉक्टरांनीही पुढे हेच सांगितलं. फरक एवढाच, की त्यांनी ते छापील कागदावर दिलं आणि कागदाच्या कोपऱ्यात हसणाऱ्या गाजराचं चित्र होतं.

टेलरबाई म्हणजे काही मुकाट्याने ऐकून घेणारी बाई नव्हे. रस्त्याच्या वळणावर त्यांचं दुकान होतं. दोन मशिनी, एक कापायचं टेबल, उभा आरसा आणि कपडे घालून बघायला एक पडदा. तिथे वीस वर्षं त्यांनी शाळेचे गणवेश, कारकुनांच्या पँटी आणि बायकांचे कोट शिवले, आणि गिऱ्हाइकाला तोंडावर खरं सांगायची कधी भीड बाळगली नाही. कुणी माप देताना पोट आत ओढलं, की त्या टेप तसाच धरून ठेवायच्या आणि म्हणायच्या, "सोडा, श्वास सोडा. कोट घालून दिवसभर असेच उभे राहणार आहात का?" गिऱ्हाईक ओशाळून श्वास सोडायचं आणि कोट नेमका बसायचा.

अशा बाईला कुणी सांगावं, की तुम्ही खोटं बोलता, चोरून खाता? त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण नुसतं चिडून बसणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. त्यांनी मापाच्या वहीत स्वतःचं एक पान उघडलं, वर 'गिऱ्हाईक' असं लिहिलं आणि दर तीन महिन्यांनी आरशासमोर उभं राहून स्वतःची मापं घेतली. चार वर्षांत कंबर बत्तिसाची चव्वेचाळीस झाली, गळा तेराचा सोळा झाला. इथवर नणंदेचंच खरं. पण दंड बाराचा साडेनऊ झाला होता. मांडी उतरली होती. पोटरी उतरली होती. बाईंनी आयुष्यात शेकडो जाड माणसं मापली होती. खाऊन जाड होणारं माणूस सगळीकडून भरतं. पोट सुटावं आणि दंड वाळावा असं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलं नव्हतं. मानेच्या मागे, बरोबर कॉलर बसते तिथे, मांसाचा गोळा आला होता. पोटावर बोटभर रुंद जांभळे पट्टे उठले होते. टेबलाची कड नुसती घासली तरी हात काळानिळा व्हायचा.

हे पान घेऊन त्या एका डॉक्टरकडे गेल्या. त्याने वहीकडे न बघता सांगितलं, "मापं कपड्यांची घ्या, बाई. शरीराचं आम्ही बघतो." दुसऱ्याने रक्तदाबाची गोळी दिली, तिसऱ्याने साखरेची. एकदा कापडाचा तागा उचलताना बरगडीला चीर गेली, तर हाडांच्या डॉक्टरने पट्टा बांधून दिला आणि वजन कमी करायला सांगितलं. बाईंनी विचारलं, "तागा मी उचलला, बरगडी माझी मोडली, यात वजनाचा काय संबंध?" तो म्हणाला, "प्रत्येकाचं वजनापाशीच येऊन थांबतं." हे वाक्य त्याला स्वतःलाच इतकं आवडलं, की त्याने ते पुढच्या पेशंटलाही सांगितलं. बाईंनी ते दाराबाहेर उभं राहून ऐकलं.

नणंद दर आठवड्याला तपासणीला यायची. बशीतलं तिसरं बिस्किट उचलत म्हणायची, "वहिनी, तोंडावर ताबा हवा हो माणसाचा." बाईंचा नवरा तेव्हा खिडकीतून बाहेर बघायचा. तो घरोघर जाऊन विजेच्या मीटरचे आकडे उतरवून घ्यायचा. सरळ माणूस. काही न बोलणं हा त्याचा स्वभाव होता आणि लोक त्यालाच चांगुलपणा म्हणायचे.

मग एक दिवस मोठ्या रुग्णालयातली एक डॉक्टरीणबाई पांढऱ्या एप्रनच्या बाह्या आखूड करून घ्यायला आली. पस्तिशीची, घाईतली, डोळ्यांखाली काळं. बाई तिच्या एप्रनचा खालचा घेर बघायला गुडघ्यावर बसल्या, तोंडात टाचण्या धरून. काम झालं आणि उठता येईना. एकदा प्रयत्न केला, दोनदा केला. शेवटी टेबलाचा पाय धरून, मग टेबलाची कड धरून त्या वर आल्या.

"टेलरबाई," डॉक्टरीणबाई म्हणाली, "परत एकदा बसून उठून दाखवता का?"

बाईंनी टाचण्या काढल्या. "का? मजा वाटली?"

"नाही. कृपा करून दाखवा."

चार वर्षांत बाईंना कुणी 'कृपा करून' असं म्हटलं नव्हतं. त्यांनी दाखवलं. मग तिने दंडावरचे डाग बघितले, मानेवरचा गोळा बघितला, पडद्यामागे पोटावरचे पट्टे बघितले. बाईंनी वही काढून ते पान तिच्यापुढे टाकलं. परीक्षेचा फुटलेला पेपर हाती लागावा तसं तिने ते वाचलं.

"तुम्ही किती जेवता ते मला विचारायचंच नाही," ती म्हणाली. "यात तुमचा आजार तुम्हीच लिहून ठेवलाय."

बाईंना एकदम रडू फुटलं. एप्रनवर पडू नये म्हणून त्या बाजूला झाल्या.

आजाराचं नाव कुशिंग. अंगात एक हार्मोन गरजेच्या कितीतरी पट तयार होत होता आणि तो स्नायू खाऊन पोटावर चरबी चढवत होता. तो कुणाच्या हुकमाने तयार होतो, हे शोधायचं होतं. मोठ्या रुग्णालयात बाईंनी चोवीस तासांची लघवी भल्यामोठ्या कॅनमध्ये साठवली. तो कॅन पिशवीत घालून बसमधून नेताना शेजारच्या माणसाने "लोणी का?" असं विचारलं आणि बाईंनी "हो, ताजं" असं सांगितलं. रक्त तर इतक्या वेळा दिलं, की हात चाळणी झाले. शेवटी डोक्याचा स्कॅन झाला आणि तो कोरा निघाला.

तिथे हार्मोनच्या विभागाचे प्रमुख होते. त्यांना सगळे मोठे साहेब म्हणत. साहेब पेशंटशी बोलत नसत, पेशंटविषयी बोलत. त्यांनी बाईंच्या पलंगाशी उभं राहून विद्यार्थ्यांना काहीतरी सांगितलं आणि ते निघून गेले. बाईंच्या पदरात काय पडलं, ते डॉक्टरीणबाईने मागे थांबून समजावलं.

"मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते, पिट्युटरी. तिच्यात बारीकशी गाठ असेल तर तीच हुकूम देत असणार. पण ती इतकी लहान असू शकते, की स्कॅनमध्ये दिसत नाही. किंवा गाठ तिथे नसेलच, छातीत कुठेतरी असेल. म्हणून आपण ग्रंथीच्या दारातलंच रक्त घ्यायचं. दोन्ही जांघांतून दोन बारीक नळ्या शिरेतून वर न्यायच्या, थेट डोक्याच्या तळापर्यंत. एक ग्रंथीच्या उजव्या बाजूला, एक डाव्या. एक सुई हाताला. तिन्हीकडचं रक्त एकाच वेळी काढायचं आणि त्यात हुकमाचं रसायन किती आहे ते मोजायचं. हातापेक्षा वरचं रक्त खूप जास्त तेज निघालं, तर चोर ग्रंथीतच आहे."

"आणि कुठल्या बाजूला आहे ते?"

"ज्या बाजूचा आकडा मोठा, त्या बाजूला असण्याचा संभव जास्त."

संभव म्हणजे काय, हे मेंदूच्या सर्जनने सांगितलं. हा कमी बोलणारा, नखं बारीक कापलेला माणूस होता. तो खुर्ची ओढून बसला, एवढ्यानेच बाईंना तो बरा वाटला. "मी नाकातून आत जाणार," तो म्हणाला. "गाठ दिसली तर तेवढीच काढीन. नाही दिसली, तर ही तपासणी ज्या बाजूला बोट दाखवील, तिकडची अर्धी ग्रंथी काढावी लागेल. बाजूच्या बाबतीत ही तपासणी कधीकधी चुकते. पण माझ्याकडे दुसरी खूण नाही."

"आणि बाजू चुकली तर?"

"चांगली अर्धी गेली आणि गाठ राहिली."

बाईंनी मान डोलावली. कापड एकदा कापलं की कापलं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

त्या रुग्णालयात ही तपासणी पहिल्यांदाच होणार होती. त्यामुळे बाईंच्या आजाराला एकदम प्रतिष्ठा आली. मोठ्या साहेबांनी आदल्या दिवशी केस कापून घेतले. खोलीच्या दारावर 'रुग्णालयाच्या इतिहासातील पहिली' असा फलक लागला; पहिली काय, ते लिहायला जागा उरली नव्हती. प्रसिद्धी विभागाचा फोटोग्राफर आला. ज्यांचं काम होतं ते सहाजण आणि ज्यांना फोटोत यायचं होतं ते अकराजण, अशी सतरा माणसं त्या थंडगार खोलीत दाटीवाटीने उभी राहिली. अठराव्या बाई. त्या आडव्या होत्या, म्हणून त्यांची गणती कुणी केली नाही.

झोप येणार नाही पण भीती उतरेल, एवढंच औषध बाईंना दिलं होतं. कपाळावर पट्टा होता, मान हलवायची नव्हती, डोळे तेवढे मोकळे. दोन्ही जांघांशी एकेक डॉक्टर उभा होता. पायांच्या पलीकडे एका ट्रॉलीवर बर्फाचे दोन डबे होते. लाल झाकणाचा उजव्या बाजूच्या रक्ताचा, हिरव्या झाकणाचा डाव्या. आत त्या त्या बाजूच्या चिठ्ठ्या आधीच चिकटवलेल्या काचेच्या नळ्या. हे काम डॉक्टरीणबाईकडे होतं. तिने आदल्या दिवशी दोनदा तालीम केली होती, लाल डबा उजव्या हाताशी, हिरवा डाव्या हाताशी. पण तालीम रिकाम्या टेबलावर केली होती आणि रिकाम्या टेबलाला उजवं-डावं नसतं.

घड्याळ सुरू झालं. ग्रंथीला डिवचणारं औषध शिरेत गेलं. "शून्य मिनिट," कुणीतरी म्हणालं. बोलायला सवड नव्हती. दोन्हीकडच्या डॉक्टरांनी एकाच वेळी रक्त ओढलं आणि सिरिंजा पुढे केल्या. डॉक्टरीणबाई बाईंकडे तोंड करून उभी होती. बाईंच्या उजवीकडची सिरिंज तिच्या डाव्या हातात आली आणि डाव्या हाताशी असलेल्या हिरव्या डब्यात गेली.

टेलरबाईंनी ते बघितलं; लाल उजव्याचा, हिरवा डाव्याचा, हे त्यांना सकाळीच सांगितलं होतं. मशीनवर नवीन बसलेल्या प्रत्येकाला त्या पहिल्या दिवशी एकच गोष्ट घोकायला लावायच्या: बाजू घालणाऱ्याची, शिवणाऱ्याची नाही. गिऱ्हाइकाच्या समोर उभं राहून बाहीवर खडूची खूण करताना भलेभले गोंधळतात, आणि मग उजवी बाही डावीकडे लागते.

"अहो," बाई म्हणाल्या. जीभ जड झाली होती. "माझं उजवं हिरव्यात चाललंय."

"बोलू नका," मोठे साहेब म्हणाले. मग सगळ्यांकडे वळून, "औषधाने बडबडतात."

तिसरं मिनिट आलं. पुन्हा उजवीकडची सिरिंज हिरव्यात गेली. बाई पुन्हा तोंड उघडणार तेवढ्यात पायांकडून फोटोग्राफर म्हणाला, "मॅडम, तुमची पाठ येतेय. सगळ्या फोटोंत पाठच आहे."

"वळा ना जरा," मोठे साहेब डॉक्टरीणबाईला म्हणाले. "काय बिघडतंय?"

डॉक्टरीणबाई ट्रॉलीसकट वळली. आता तिचं तोंड कॅमेऱ्याकडे, पाठ बाईंकडे, आणि दोन्ही हात मागे सिरिंजा घ्यायला. लाल डबा तिच्या उजव्याच हाताशी होता. पण आता तिचं उजवं आणि बाईंचं उजवं एकाच अंगाला आलं होतं. पाचव्या मिनिटाची सिरिंज बरोबर लाल डब्यात गेली, दहाव्याची पण.

"आता बरोबर गेली," बाई म्हणाल्या.

"बाई, गप्प पडून राहा," साहेब म्हणाले. "इथे विज्ञान चाललंय." फोटो छान आला.

चार दिवसांनी आकडे आले. वरचं रक्त हाताच्या रक्तापेक्षा कितीतरी पट तेज होतं. चोर ग्रंथीतच होता, यात वाद नव्हता. पण बाजू? शून्य आणि तीन मिनिटांना उजवी बाजू डावीच्या सहापट. पाच आणि दहा मिनिटांना डावी बाजू उजवीच्या सहापट. दुसऱ्या कुणाला डब्यांचा संशय आला असता. मोठ्या साहेबांना ग्रंथीचा आला. स्वतःच्या घरात काही चुकलं असेल, असं मनात आणायची त्यांना सवयच नव्हती. दोन दिवस ते आकडे घेऊन बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी विभागाची सभा बोलावून जाहीर केलं, की जगात आजवर कुणालाही न दिसलेली एक गोष्ट आपल्या विभागाला दिसली आहे: बाजू बदलणारी गाठ. तिसऱ्या आणि पाचव्या मिनिटाच्या मध्ये ती उजवीकडून डावीकडे जाते. टाळ्या वाजल्या. परिषदेत वाचायच्या निबंधाचं शीर्षक संध्याकाळपर्यंत ठरलं.

गाठ कुठेही हिंडो, कात्री मात्र एकाच जागी चालवायची होती. सगळ्यात मोठा आकडा तिसऱ्या मिनिटाचा, तो लाल डब्यातला, म्हणून साहेबांनी अहवालात लिहिलं: उजवी अर्धी काढावी. संमतीचा कागद बाईंपुढे आला.

"मी सही करणार नाही," बाई म्हणाल्या.

मग काय विचारता! नवरा म्हणाला, "अगं, एवढे मोठे लोक सांगतायत." नणंद म्हणाली, "वहिनींना बरं व्हायचंच नाहीये मुळी." परिचारिकेने फाइलवर 'असहकार करणारी पेशंट' असा शेरा मारला. सही नसेल तर घरी जा, असं साहेबांनी निरोपात कळवलं. घरी जाऊन काय होणार, हे बाईंना ठाऊक होतं. साखर चढत होती, हाडं मऊ झाली होती. जिना चढताना आता कठडा धरूनही पाय उचलत नव्हता. हा कागद नाकारला तर आजार राहणार आणि सही केली तर चांगली अर्धी जाऊन आजार राहणार. रात्रंदिवस त्यांच्या डोक्यात तेवढंच चालायचं.

त्यांनी डॉक्टरीणबाईला एकटीला गाठलं. "तुम्ही वळला होता की नाही?"

डॉक्टरीणबाई खिडकीकडे बघत राहिली. "मला नीट आठवत नाही, टेलरबाई."

"आठवत नाही?"

"माझी परीक्षा साहेबांच्या हातात आहे," ती हळूच म्हणाली आणि लगबगीने निघून गेली. बाईंना तिचा राग आला, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. साऱ्या जगात एका माणसाने आपल्यावर विश्वास ठेवला होता आणि त्याचीच आता पाचावर धारण बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या साहेबांची फेरी आली. नऊ विद्यार्थी, सर्जन, डॉक्टरीणबाई. साहेबांनी विद्यार्थ्यांपुढे उभं राहून बाजू बदलणाऱ्या गाठीवर पंधरा मिनिटं भाषण केलं. बाई पलंगाच्या कडेला पाय सोडून बसल्या होत्या. भाषण संपल्यावर त्या म्हणाल्या, "साहेब, एक विचारू? तुमच्या या पोरांना म्हणावं, साहेबांचा उजवा हात कुठला ते पटकन बोट करून दाखवा. विचार करायचा नाही."

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण विद्यार्थ्यांची बोटं तोपर्यंत उठली होती. पाच बोटं एका हाताकडे, चार दुसऱ्याकडे. क्षणभर साहेबांनी स्वतःसुद्धा खाली बघून घेतलं.

सर्जन हसला नाही. त्याने विचारलं, "डब्यांपाशी कोण होतं त्या दिवशी?"

बाईंनी डॉक्टरीणबाईकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तर ते मागणं झालं असतं आणि मागून मिळालेलं त्यांना नको होतं.

"मी होते, सर," डॉक्टरीणबाई म्हणाली. "पहिली दोन मिनिटं... म्हणजे शून्य आणि तीन... मी पेशंटकडे तोंड करून होते. माझ्या उजव्या हाताला लाल डबा. बाजू उलट पडल्या. मग मी वळले, फोटोसाठी."

"फोटोसाठी?" साहेब म्हणाले, जणू फोटो हा शब्द त्यांच्या कानावर प्रथमच पडत होता. "तुम्हाला वळायला सांगितलं कुणी?"

"तुम्ही, सर."

शेजारच्या पलंगावरच्या आजीने चमचा खाली ठेवला.

सर्जनने संमतीचा कागद उचलला, घडी घातली आणि खिशात टाकला. "पहिल्या दोन वेळचे आकडे उलटे केले तर सगळे डावीकडे येतात," तो म्हणाला. "पण कुणाच्या आठवणीवर मी कापत नाही. तपासणी परत करायची." मग बाईंकडे वळून, "दोन्ही जांघांत परत सुया. चालेल?"

"दहा वेळा चालेल," बाई म्हणाल्या. "पण डब्यांपाशी ह्याच हव्यात." त्यांनी डॉक्टरीणबाईकडे बोट केलं. मोठ्या साहेबांनी तिला तासाभरातच जुन्या फायलींच्या खोलीत पाठवायचं ठरवलं. तेव्हा बाईंनी पुन्हा सांगितलं, "दुसरी कुणी असेल तर मी सही करणार नाही." असहकार करणारी पेशंट असा शेरा एकदा फाइलवर पडला, की माणसाला बोलायची मोकळीक मिळते, हे बाईंच्या लक्षात आलं होतं.

दुसरी तपासणी एका साध्या दिवशी झाली. फलक नव्हता, फोटोग्राफर नव्हता, खोलीत सहाच माणसं. दर सिरिंजेला डॉक्टरीणबाई मोठ्याने म्हणायची, "बाईंची उजवी," "बाईंची डावी," आणि बाई पट्ट्याखालून "हं" म्हणायच्या. सगळे आकडे पहिल्यापासून शेवटपर्यंत डावीकडेच मोठे निघाले. गाठ जागची तसूभर हलली नव्हती. मोठ्या साहेबांचा निबंध बारगळला. पण ते परिषदेला गेलेच. तिथे त्यांनी 'नमुन्यांच्या चिठ्ठ्या: एक दुर्लक्षित विषय' यावर भाषण केलं आणि आमच्या विभागाने ही चूक वेळीच पकडली, असं सांगितलं. विभाग म्हणजे कोण, ते त्यांना कुणी विचारलं नाही.

ऑपरेशन झालं. बाई शुद्धीवर आल्या तेव्हा नाकात बोळे होते आणि तोंडाने श्वास चालला होता. सर्जन खुर्ची ओढून बसला. "दिसली," तो म्हणाला. "मोहरीएवढी. डावीकडे, तुमच्या डावीकडे. तेवढीच काढली. ग्रंथी शाबूत आहे." दोन दिवसांनी रक्तातला तो हार्मोन जवळपास शून्यावर आला. म्हणजे गाठ मुळासकट गेली. आता बाकीची ग्रंथी जागी होईपर्यंत काही महिने गोळ्या, अंगदुखी, थकवा. पण हे बरं होण्याचं दुखणं आहे, असं डॉक्टरीणबाईने येऊन सांगितलं. तिची परीक्षा लांबली होती. बाईंनी तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

संध्याकाळी नवरा आला. नणंद बाहेर व्हरांड्यात कुणाला तरी सांगत होती, की मी पहिल्यापासून म्हणत होते, वहिनींना काहीतरी झालंय. नवरा पलंगाशी उभा राहिला. बसला नाही. मीटरचे आकडे उतरवून घ्यायची वही अजून त्याच्या काखेत होती.

"एक सांगायचंय," तो म्हणाला. "तू दुकानात गेलीस की मी स्वयंपाकघरातले खाऊचे डबे बघायचो. किती उतरलेत ते. चार वर्षं."

"ठाऊक होतं मला."

"ठाऊक होतं? मग बोलली का नाहीस?"

"झाकणं तुम्ही उलटी लावायचात. रोज मी ती सरळ करायचे." त्यांचा आवाज नाकातल्या बोळ्यांमुळे घोगरा येत होता. "डबे भरलेले दिसायचे ना तुम्हाला? एक दाणा कमी झालेला दिसला नाही ना कधी?"

"नाही."

"मग एकदा तरी तसं तुमच्या बहिणीला सांगायचं होतंत."

चार वर्षं नवऱ्याजवळ पुरावा होता आणि तो खिडकीतून बाहेर बघत बसला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने पुसलं नाही.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

"हो, चुकलं," बाई म्हणाल्या. "माफ केलं असं मी आत्ता म्हणणार नाही. अंगात ताकद येऊ दे, मग बघू. आधी बाहेर जा आणि तिला सांगा."

तो बाहेर गेला. दार उघडंच राहिलं होतं. व्हरांड्यातलं नणंदेचं बोलणं मध्येच थांबलं, आणि मग बराच वेळ फक्त त्याचाच आवाज येत राहिला.